सात एकरांचं गाव

पिंपळे सौदागर म्हटलं की आज पुणेकराच्या डोळ्यांपुढे शिवार चौक येतो, कोकणे चौक येतो, हिंजवडीच्या आयटी पार्ककडे सरकणारी गाड्यांची रांग आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे राहिलेले टॉवर येतात. तिथे राहायला आलेल्या हजारो कुटुंबांना पवनेच्या काठावरचं हे जुनं शेतकरी गाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण भारतातल्या खेड्यांचा अभ्यास ज्या काही मोजक्या गावांपासून सुरू झाला, त्यांतलं हे एक गाव आहे. १९१४-१५ साली इथलं शेतन् शेत मोजलं गेलं आणि घरोघरची मिळकत नि कर्ज लिहून घेतलं गेलं. त्यातून तयार झालेल्या पुस्तकाच्या आधारे देशाच्या शेतीचं काय करायचं यावर वाद झाले. त्या वादात बाबासाहेब आंबेडकरही होते.

माझ्या या पुस्तकाचा विषय हे गाव आहे. गावात लढाई झाली नाही, मोठा किल्ला नाही. तरीही त्याचा इतिहास लिहावा असं मला का वाटलं आणि तो कोणत्या बाजूने लिहिला, हे आधी सांगितलं पाहिजे.

पाहणी करणारे डॉ. हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामच्या चहामळ्यांसाठी संशोधन करून १९०७ साली ते पुण्यात आले. सहस्रबुद्धे, कानिटकर अशा सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी कॉलेजपासून फार लांब नसलेलं एक साधं गाव निवडलं. जमिनीचा पोत, पाण्याचा निचरा, पिकं, झाडं, गुरं, अवजारं आणि शेवटी माणसं, अशा क्रमाने त्यांनी ते वाचत नेलं. 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' या नावाने ही पाहणी १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेत प्रसिद्ध झाली. मानांच्या लिहिण्यात रसायनशास्त्रज्ञाचा कोरडेपणा आहे, आणि मला तो आवडतो. खेड्यावर माया करत लिहिणारे पुष्कळ झाले. खेड्याला आधी नीट मोजून मग बोलणारे फार थोडे.

त्यांच्या पुस्तकातले चार आकडे पुढे पुन्हापुन्हा उद्धृत झाले. पेशवाईतल्या कागदांपासून स्वतःच्या पाहणीपर्यंत येत त्यांनी गावातल्या खातेदाराकडे सरासरी किती जमीन होती ते काढलं. १७७१ साली ४० एकर. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली साडेसतरा. १८२० ते १८४० या काळात १४. आणि १९१४-१५ साली ७ एकर. दीडशे वर्षांच्या आतच चाळीसाचे सात झाले. त्यातही हे सात एकर सलग नव्हते. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे होते, आणि त्यांतले ४६३ तुकडे एक एकरापेक्षाही लहान होते.

एवढे तुकडे झाले कसे, हे ज्याने घरातली वाटणी जवळून पाहिली आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. बापाला तीन ठिकाणी जमीन आहे असं धरा. नदीकडेला मळई, गावाजवळ काळी आणि वर माळाला बरड. भाऊ तिघे. एकाने मळई घ्यावी, दुसऱ्याने काळी, तिसऱ्याने बरड, असं कुणी कबूल करत नाही आणि करूही नये. बरडाचा वाटा ज्याच्याकडे जाईल त्याची पोरं दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी गाव सोडतील. म्हणून तिन्ही जमिनींत तिघांचा वाटा. तीन शेतांची नऊ झाली, आणि पुढच्या पिढीत त्यांची सत्तावीस. प्रत्येक तुकड्याला बांध आला, बांधाखाली जमीन गेली आणि बांध कोरल्याची भांडणं सुरू झाली. विहीर एकाच तुकड्यात, म्हणून पाण्याच्या पाळ्या आल्या. पट्टी इतकी चिंचोळी झाली की औत वळवायचं तर बैलांचे पाय शेजाऱ्याच्या उभ्या पिकात. बाहेरून पाहणाऱ्याला हा अडाणीपणा वाटला आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी तसं लिहूनही ठेवलं. मला त्यात न्यायाची आणि धोका वाटून घेण्याची एक पक्की समज दिसते. ती समज घरापुरती रास्त होती. गावापुरता तिचा हिशेब मात्र जुळत नव्हता.

पण दोष एकट्या वाटणीवर टाकता येत नाही. वाटण्या पेशवाईतही होत होत्या. तेव्हा मिरासदार पिढ्यान् पिढ्या आपल्या थळाला धरून असे, उपरी दुसरीकडे चांगली जमीन मिळाली की उठून जाई, आणि सारा पुष्कळ ठिकाणी गावावर मिळून बसे. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीनमोजणी इंदापूरपासून सुरू झाली. तिने प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर दिला आणि सारा थेट खातेदाराच्या नावावर लावला. जमीन विकता येऊ लागली, तारण ठेवता येऊ लागली, आणि सावकाराला तिच्यात रस वाटू लागला. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून घेतले, त्यामागे हेच होतं. हातमागासारखे जुने धंदे बसले, पुण्यातलं दरबाराचं आणि फौजेचं काम संपलं. तिथून परतलेल्या माणसांना टेकायला जमिनीखेरीज जागा उरली नव्हती. चाळीसाचे सात होण्यामागे एवढं सगळं होतं. या पुस्तकाची शंभर पानं त्याच उलगड्यात गेली आहेत.

आता बाबासाहेबांविषयी. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर आणि त्यांवरच्या उपायांवर एक निबंध प्रसिद्ध केला. ते तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. मानांची ताजी पाहणी त्यांच्यासमोर होती आणि पिंपळे सौदागरचे आकडे त्यांनी त्या निबंधात घेतले आहेत. बहुतेक अर्थतज्ज्ञ तेव्हा एकच गोष्ट सांगत होते, की तुकडे जोडा, शेतं मोठी करा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा मांडला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. शेतकऱ्याकडे बैल किती, अवजारं किती, भांडवल किती, यावर ते ठरतं. ज्याच्याकडे औतच नाही त्याला सात एकरही जास्तच आहेत. शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसं टेकली आहेत, ती उद्योगधंद्यांत गेल्याशिवाय शेती सावरणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. शंभर वर्षांनी त्याच गावाच्या शिवारात आणि आजूबाजूला काय उभं राहिलं हे पाहिलं की तो निबंध पुन्हा वाचावासा वाटतो.

मानांच्या पुस्तकात जमीन आहे, श्रम आहेत, पण गाव एकमेकांशी कसं बांधलेलं होतं हे फारसं येत नाही. ती उणीव भरून काढणारं पुस्तक योगायोगाने त्याच सुमाराचं आणि मराठीतलं आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली आला. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. खेडी त्यांनी कचेरीच्या खिडकीतून पाहिली नव्हती, फिरतीवर हिंडून पाहिली होती. पाटील-कुलकर्ण्यांपासून फिरस्त्या जमातींपर्यंत कुणाचा भार कुणावर पडतो याचा त्यांनी हिशेब मांडला. कुणब्याच्या राशीला किती हात लागतात हे सांगताना त्यांचा राग लपत नाही. वतनदारांवरचे त्यांचे काही शेरे मला एकतर्फी वाटतात, आणि भटक्या जमातींबद्दल ते सरकारी नजरेने लिहितात. तरीही मराठी खेड्याचं इतकं आतलं वर्णन त्याआधी कुणी केलं नव्हतं. मानांचा तक्ता आणि आत्र्यांचा गावगाडा शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हाच मला या गावाचा इतिहास दिसू लागला.

हा गाडा ज्यावर चाले ते बलुतं म्हणजे नेमकं काय हे आज खेड्यातल्या मुलांनाही सांगावं लागतं, म्हणून थोडं थांबतो. ज्वारीची मळणी झाली, वारं बघून उफणणी झाली, खळ्यावर रास पडली. राशीची पूजा झाली की धान्य घरी नेण्याआधी बलुतेदार खळ्यावर येत. सुतार, लोहार, चांभार आणि महार हे बहुतेक ठिकाणी थोरल्या ओळीचे. त्यांना अधिक माप. मग कुंभार, न्हावी, परीट. मग गुरव, जोशी, मुलाणी आणि इतर. कोण कोणत्या ओळीत हे गावागणिक बदले आणि त्यावरून तंटेही होत. सुताराने वर्षभर औत भरून दिलं, लोहाराने फाळ पाजवला, न्हाव्याने घरातल्या सगळ्यांच्या हजामती केल्या, त्याचा हा मोबदला. पैशाची देवघेव नाही. पीक आलं तर बलुतं, नाही आलं तर सगळ्यांनाच कमी. ज्वारीच्या पेंढ्या आणि राशीतल्या सुपांनी ठरणारं हे नातं बाप गेला तरी मुलाकडे चालत राही.

याच्या जोडीला शेतकऱ्यांचे आपापसातले करार होते. एकाच बैलाचा धनी दुसऱ्या एका बैलाच्या धन्याशी वारंगुळा करी, म्हणजे दोघांची मिळून जोडी. खुरपणीला आणि काढणीला सावड. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. एखाद्याचं काम फारच मागे पडलं की तो इर्जिक घाली. गावची औतं एकाच दिवशी त्याच्या रानात येत आणि संध्याकाळी तो सगळ्यांना जेवू घाली. खेड्यातल्या एकोप्याचं पुष्कळ कौतुक होतं. तो एकोपा खरा होता, आणि त्याखाली बैलांची टंचाई होती हेही खरं. सात एकरांत दोन बैल पोसणं जड जातं, म्हणून माणसं एकमेकांना धरून राहिली. टंचाईतून उगवला म्हणून त्या एकोप्याचं मोल मी कमी मानत नाही, उलट जास्त मानतो.

पण बलुत्याच्या त्याच रांगेत उभ्या असलेल्या महाराला काय मिळालं आणि त्याने काय दिलं, हे वेगळं सांगितलं पाहिजे. वेशीवर राखण, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणं, सारा भरायला लोकांना चावडीवर बोलावून आणणं, आलेल्या अधिकाऱ्याचं सामान उचलणं, मेलेली गुरं ओढणं. शिवेचा तंटा निघाला की शीव कुठून जाते याची साक्षही त्याचीच. गावची हद्द ज्याच्या शब्दावर ठरायची त्याचं घर मात्र गावाच्या वस्तीबाहेर असे. बदल्यात वतनाची थोडी जमीन आणि बलुतं. हे काम कधी संपत नसे आणि नाकारताही येत नसे. एकटा वतनदार आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्या कुणी जायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाबाबतचं विधेयक आणलं ते हे जोखड काढण्यासाठी. ही कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. त्याआधी १९४८ साली संविधान सभेत खेड्याच्या गौरवाला त्यांनी जो कडक विरोध केला, त्याची मुळं अनेकजण त्यांच्या स्वतःच्या अनुभवात शोधतात. ती तिथे आहेतच. पण त्याच्या तीस वर्षं आधी याच माणसाने एका मराठी खेड्याचे तक्ते पाहिले होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

खेडं म्हणजे स्वयंपूर्ण, बाहेरच्या जगाची गरज नसलेलं छोटं प्रजासत्ताक, हे चित्र चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० साली रंगवलं आणि नंतर सर्वांनी ते उचललं. पिंपळे सौदागरने निदान स्वतःपुरतं ते खोटं ठरवलं आहे. मानांनी गावातल्या १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला आणि त्यांचे तीन गट पाडले. नुसत्या जमिनीवर नीट भागतं अशी कुटुंबं ८. जमिनीला बाहेरच्या कामाची जोड देऊन भागतं अशी २८. आणि काहीही केलं तरी भागत नाही अशी ६७. मोजण्यासाठी वापरलेलं माप बाहेरचं नव्हतं. गावातली माणसं स्वतःच्या राहणीला जे किमान लागतं म्हणत, तेच माप होतं. तरीही शंभरातली पासष्ट कुटुंबं त्याखाली होती.

त्या अठ्ठावीस घरांना तगवून धरणारी गोष्ट होती खडकीची. १८६९ साली तिथे दारूगोळा कारखाना सुरू झाला. छावणी त्याआधीपासून होती. पहाटे भाकरी बांधून घ्यायची, चालत खडकीला जायचं आणि दिवस मावळल्यावर परत यायचं, हा क्रम गावात मानांच्या आधीच रुजला होता. कडबा, दूध, भाजी विकायलाही खडकी आणि पुणं होतंच. म्हणजे ज्या वर्षी 'गावगाडा' छापला गेला त्या वर्षी या गावाचा गाडा कारखान्याच्या भोंग्यावर चालू लागला होता. हिंजवडीला निघालेल्या आजच्या गर्दीकडे पाहून जुनी माणसं गाव बदललं म्हणतात. कामासाठी रोज गाव सोडून संध्याकाळी परतणं मात्र इथे शंभर वर्षांहून जुनं आहे.

एका गावावरून सगळ्यांबद्दल बोलू नये, हे भान मानांनाही होतं. म्हणून त्यांनी कानिटकरांसोबत शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकची पाहणी केली आणि ती १९२१ साली प्रसिद्ध केली. तिथे जवळपास खडकी नव्हती, पाऊस बेभरवशाचा होता. तिथे शंभरातली पंच्याऐंशी कुटुंबं किमान मापाखाली निघाली. त्याही मागे जायचं तर लोणीकंद आहे. पेशवाई जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा डॉ. थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने त्या गावाचं तपशीलवार वर्णन लिहिलं. ते १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात आलं. पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तेच गाव पुन्हा पाहिलं आणि त्यावर १९६० साली पुस्तक काढलं. पुणे जिल्ह्यातली ही तीन गावं मिळून दीड शतकाचा आलेख देतात. या पुस्तकात लोणीकंद आणि जातेगाव तुलनेपुरती येतात, कारण त्यांना स्वतंत्र पुस्तकं हवीत.

या सगळ्या मोजणीत एक मोठी पोकळी आहे. कुटुंब मोजलं गेलं, पण त्यातली बाई वेगळी मोजली गेली नाही. पहाटेचं दळण, नदीवरून पाणी, शेण-गोवऱ्या, खुरपणी, आणि दाण्याची कणगी उन्हाळ्यापर्यंत पुरवण्याची कसरत. सदुसष्ट घरं मापाखाली होती तर त्या घरांत कमी कुणी खाल्लं, हे तक्ता सांगत नाही. तिथे मला दुसऱ्या साधनाकडे वळावं लागलं. हेमा राईरकर आणि गी पोयत्वँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह केला. त्या ओव्यांत सासर-माहेर आणि विठ्ठल तर आहेतच, पण भावांच्या वाटण्या, कर्ज, दुष्काळ आणि बाबासाहेबही आहेत. दप्तरात ज्यांची नोंद नाही त्यांचं म्हणणं तिथे नोंदलेलं आहे. बायकांविषयीचं प्रकरण मी या संग्रहावर उभं केलं आहे.

शेवटचा भाग जमिनीच्या दुसऱ्या उलथापालथीचा. १९४७ साली जमिनीचे तुकडे पाडायला बंदी करणारा आणि ते एकत्र करायला सांगणारा कायदा मुंबई प्रांतात झाला. त्यामागच्या चर्चेत मानांच्या आकड्यांसारखे आकडेच होते. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, त्यामागून भोसरी-चिंचवडची वसाहत वाढली, १९८२ साली पिंपरी-चिंचवड महापालिका झाली. गाव शहरात गेलं. एकरावर बोलणारी माणसं गुंठ्यावर बोलू लागली, आणि एकराचे चाळीस गुंठे. ज्या तुकड्यांवर एक घर जगत नाही म्हणून मानांनी खेद केला, तेच तुकडे इमारती बांधणाऱ्यांना हवे झाले. राज्यात इतके गुंठे विकले गेले की २००१ साली गुंठेवारीची घरं नियमित करायला वेगळा कायदा करावा लागला. तुकडे नकोत म्हणणारा कायदा आणि झालेले तुकडे मान्य करणारा कायदा यांच्यामध्ये चोपन्न वर्षं आहेत, आणि त्या चोपन्न वर्षांत पुण्याभोवतालची कित्येक गावं संपली.

ज्याच्या सातबाऱ्यावर नाव होतं त्याला या बदलाने पैसा दिला. त्यातल्या पुष्कळांनी तो चांगला वापरला आणि त्याबद्दल त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. तीन पिढ्या सात एकरांवर ओढाताण केलेल्या घराचं ते देणं होतं. पण ज्याचा हक्क खळ्यावरच्या पेंढ्यांवर होता, औत भरून देण्यावर होता, त्याच्या हक्काचा उतारा कुठल्याच तलाठ्याकडे नव्हता. खळी गेली तेव्हा बलुतं गेलं आणि मोबदल्याच्या यादीत ते कधी आलंच नाही. वतनाच्या जमिनींचं वेगळंच झालं. त्या परत मिळाल्या त्या अटींसह, विकायच्या तर सरकारची परवानगी घेऊन, आणि अशा जमिनींचे वाद पुण्याभोवती आजही कोर्टात आहेत.

गावांचे इतिहास सहसा ग्रामदैवतापासून आणि पाटलाच्या वंशावळीपासून सुरू होतात. या पुस्तकात दोन्ही आहेत, पण चौथ्या आणि पाचव्या प्रकरणात. पहिल्या प्रकरणात मानांचा तिसरा गट घेतला आहे, म्हणजे ती सदुसष्ट कुटुंबं: त्यांच्याकडे किती जमीन होती, खडकीच्या मजुरीतून किती येत होतं, कर्जाचं व्याज किती जात होतं आणि वर्षअखेर किती कमी पडत होतं. पेशवाईतले पाहणीखर्डे, कुळवार पत्रकं आणि पुढचे सर्व्हेचे कागद त्यानंतर येतात. ज्यांना मोडी कागदांची गोडी आहे त्यांनी थेट दुसऱ्या प्रकरणापासून वाचायला हरकत नाही. इतरांनी मात्र त्या सदुसष्ट घरांपासूनच सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे.